ब्राऊन ब्रेड चालेल का, डॉक्टर?

आजचा लेख नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. यात आरोग्याबरोबर थोडा इतिहासही आहे, आणि त्या इतिहासात माझी स्वतःची एक चूकही आहे. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

मागच्या पावसाळ्यात वैतरण्याचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. रोज पहाटेची गाडी पकडून बोईसरला कारखान्यात जाणारे, वय अठ्ठेचाळीस, मधुमेहाला चार वर्षे झालेली. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःहून लो-कार्ब आहार सुरू केला होता. भात बंद, साखर बंद, स्टेशनवरचा वडापावही बंद. एवढे करून एचबीएवनसी ७.४ वरून ८.१ वर गेले होते. रिपोर्ट टेबलावर ठेवत ते म्हणाले, "डॉक्टर, आता काय हवा खाऊन राहू?"

मी विचारले, "भाताच्या जागी काय खाता?" सकाळी डब्यात चार स्लाइस, संध्याकाळी घरी आल्यावर चहाबरोबर चार. "पण ब्राऊन ब्रेड हां. पांढऱ्याला हात लावत नाही." मी काही बोलण्याआधीच त्यांनी फाइलमधून माझा दोन वर्षांपूर्वीचा कागद काढला. त्यावर लिहिले होते : पांढरा ब्रेड नको, ब्राऊन चालेल. अक्षर माझेच होते.

'किती' ते मी लिहिले नव्हते. 'कोणता ब्राऊन' तेही लिहिले नव्हते. तपकिरी म्हणजे चांगला, एवढेच मीही वर्षानुवर्षे धरून चाललो होतो. हा समज आला कुठून, हे शोधायला बसलो तेव्हा कळले की पाव सोडायला सांगणे आणि सोडणाऱ्याला दुसऱ्या नावाने पाव विकणे, या दोन्ही गोष्टी जवळजवळ दोनशे वर्षे बरोबरीने चालत आल्या आहेत.

पाव आपल्याकडे आला कसा

आपला पट्टा मुळात तांदळाचा. भात, तांदळाची भाकरी, डोंगराकडे नाचणी आणि वरई. गहू इथला नव्हे आणि भट्टीत भाजलेला पाव तर मुळीच नव्हे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढे केळवे-माहीम, तारापूर, डहाणू ही ठाणीही त्यांच्या ताब्यात होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकेपर्यंत, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे, हा किनारा त्यांच्या राज्यात होता. 'पाव' हा शब्द त्यांच्या 'पांव' वरूनच आला आहे. पाव शेराशी किंवा पायांनी कणीक तुडवण्याशी त्याचा संबंध नाही.

त्या काळी आजच्यासारखे पुडीतले यीस्ट नव्हते. गोव्यात पीठ फुगवायला ताडी घालत. आपल्याकडेही ताडीला तोटा नव्हता, केळवे-माहीमला गेलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. वसईच्या ख्रिस्ती घरांतले फुगे ताडी घालूनच फुगवले जात.

बाकीच्या समाजाला मात्र पाव बराच काळ परका राहिला. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा वसईकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून केवढे वादळ उठले, हे तुम्ही शाळेत वाचले असेल. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांनाही त्यात प्रायश्चित्त घ्यावे लागले. तेव्हा बेकरीचा माल खावा का, हा धर्माचा प्रश्न होता. आज तो रक्तातल्या साखरेचा प्रश्न झाला आहे.

पाव सोडायला सांगणारे डॉक्टर

गोड लघवीचा आजार आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होता. चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णाला जवाचे पदार्थ मुख्य अन्न म्हणून सांगितले आहेत, आणि बसून राहणे, फार झोपणे, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ ही आजाराची कारणे म्हणून दिली आहेत. कोणते धान्य खायचे आणि अंगाला हालचाल किती द्यायची, हा विचार तेव्हापासूनचा आहे.

युरोपात पॅरिसचे डॉक्टर बुशार्दा यांनी १८४० च्या दशकात मधुमेही रुग्णांचे पिष्टमय पदार्थ कमी केले. पण फ्रेंच माणसाचा पाव काढून घेणे सोपे नव्हते. म्हणून त्यांनी ग्लुटेनचा पाव आणला. कुरडईचा चीक काढणाऱ्या गृहिणींना यामागची युक्ती लगेच कळेल. गहू भिजवून, वाटून, धुऊन जो पांढरा चीक निघतो तो गव्हातला स्टार्च. कुरडईत आपण हा चीक ठेवतो आणि उरलेले बाजूला करतो. बुशार्दांनी नेमके उलटे केले. स्टार्च धुऊन टाकला आणि उरलेल्या चिवट, रबरासारख्या प्रथिनाचा पाव करवला. घरी कणकेचा गोळा नळाखाली दहा-पंधरा मिनिटे चोळून धुवा, हातात जे उरेल ते ग्लुटेन.

१८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला आणि शहरात अन्न मिळेनासे झाले. तेव्हा आपल्या काही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी झाल्याचे बुशार्दांनी नोंदवले. पावाच्या प्रकाराइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, खाण्याच्या प्रमाणाला महत्त्व आहे, हे तेव्हाच दिसले होते.

लंडनमध्ये १८६३ साली विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थांनी लठ्ठपणावर एक छोटी पुस्तिका काढली. इन्सुलिन शोधणारे बँटिंग ते हे नव्हेत. हे अंत्यविधीची व्यवस्था करणारे व्यावसायिक होते. उंची साडेपाच फुटांच्या आत आणि वजन सुमारे ९२ किलो. जिना उतरताना ते उलटे उतरत, एवढा त्यांना वजनाचा त्रास होता. डॉक्टर विल्यम हार्वी यांनी त्यांना पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे सोडायला सांगितले. वर्षभरात वजन सुमारे २० किलोने उतरले. लो-कार्ब आहार सामान्य लोकांपर्यंत पोहोचला तो या पुस्तिकेमुळे.

मला यात सर्वांत बोलका वाटला तो त्यांच्या न्याहारीचा तपशील. पाव सोडायला सांगितलेल्या या माणसाला सकाळी कोरडा टोस्ट चालत होता, पण एक औंस. एक औंस म्हणजे २८ ग्रॅम, आजच्या पाकिटातली एक स्लाइस. हार्वींनी टोस्टचे वजन सांगितले होते. मी माझ्या रुग्णाला फक्त रंग सांगितला.

'खास' ब्रेडची फसवणूक

बुशार्दांच्या ग्लुटेन पावाची कल्पना अमेरिकेत गेली आणि मधुमेहींसाठी 'ग्लुटेन' पीठ, बिस्किटे, ब्रेड यांचा बाजार उभा राहिला. इन्सुलिन तेव्हा नव्हते. १९२२ च्या जानेवारीत एका मुलाला ते पहिल्यांदा दिले गेले. तोपर्यंत रुग्णाचा जीव आहारावरच अवलंबून होता, आणि घरचे लोक हा महागडा माल विश्वासाने घेत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कनेक्टिकट राज्याच्या शेती संशोधन केंद्राने बाजारातला असा माल आणून तपासला. 'ग्लुटेन' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पदार्थांत भरपूर स्टार्च निघाला. काहींत तर साध्या पिठापेक्षा फारसा फरक नव्हता.

आज दुकानात 'कीटो ब्रेड', 'डायबेटिक ब्रेड' अशी पाकिटे दिसतात. त्यातली काही खरोखर कमी कर्बोदकांची असतात. ग्लुटेन, बदामाचे पीठ, इसबगोल, अंडी असे घटक त्यात असतात. काही मात्र नुसत्या नावाची असतात. फरक समोरच्या बाजूवरून कळत नाही. तेव्हा तपासायला प्रयोगशाळा लागली होती, आज निदान पाकिटाची मागची बाजू आपल्याला वाचता येते.

तपकिरी रंगाला मान कसा मिळाला

युरोपात शतकानुशतके पांढरा पाव श्रीमंतांचा आणि काळपट पाव गरिबांचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या. कोंडा आणि अंकुर वेगळे काढून पांढरा मैदा स्वस्तात निघू लागला आणि पांढरा पाव सर्वांचा झाला. अमेरिकेत सिल्व्हेस्टर ग्रॅहॅम आणि इंग्लंडमध्ये डॉक्टर टी. आर. अ‍ॅलिन्सन यांनी कोंड्यासकट पिठाचा आग्रह धरला. गांधीजींनी जोहान्सबर्गच्या घरी बेकरीचा पाव बंद करून सात पौंडांची हातगिरणी घेतली होती. ते स्वतः, त्यांचे मित्र पोलाक आणि मुले मिळून ती फिरवत आणि त्या जाड्या पिठाचा पाव घरीच होत असे.

त्या पावाचा तपकिरी रंग कोंड्याचा होता. दळणारे हात घरचे होते, त्यामुळे रंगावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. आजच्या पाकिटात हाच रंग कॅरॅमल, म्हणजे जाळलेल्या साखरेपासून केलेला रंग, घालूनही आणता येतो. मान मिळाला होता कोंड्याला, आपण तो रंगाला देऊन बसलो.

आपल्याकडे पाव घरोघरी गेला त्याला बरीच कारणे झाली. इराणी बेकऱ्यांनी मुंबईला ब्रून आणि मस्कापाव दिला. गिरणगावाला आणि लोकलच्या प्रवाशाला वडापाव मिळाला. सरकारने १९६५ मध्ये मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली. तिच्या मेणकागदातल्या ब्रेडची चव माझ्या वयाच्या अनेकांना आठवत असेल. २००० मध्ये ही कंपनी हिंदुस्थान लिव्हरने घेतली. आपल्या भागात तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली, शिफ्टची नोकरी आली. पहाटे चारला उठून भाकरी थापायची कोणी, हा प्रश्न खरा आहे. पाकीट फोडले की डबा तयार होतो. त्यामुळे ब्रेड खाणाऱ्याला आळशी म्हणणे मला पटत नाही.

१९८१ : रंगाची परीक्षा

१९८१ मध्ये टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी ग्लायसेमिक इंडेक्स ही मोजपट्टी मांडली. एखादा पदार्थ खाल्ल्यावर साखर किती वेगाने आणि किती वाढते, याचा हा आकडा. ग्लुकोज म्हणजे १००. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढऱ्या गव्हाच्या ब्रेडची सरासरी ७५ आहे आणि अख्ख्या गव्हाच्या ब्रेडची ७४. चपातीची ५२.

हा आकडा पुन्हा वाचा. खऱ्या अख्ख्या गव्हाचा ब्रेडही या बाबतीत पांढऱ्याच्या अगदी जवळ आहे. कारण गहू कोंड्यासकट दळला तरी पीठ फार बारीक होते आणि फुगलेला, जाळीदार ब्रेड पोटात लवकर पचतो. कोंड्याचे इतर फायदे आहेतच. पोट साफ राहते, काही जीवनसत्त्वे व खनिजे मिळतात. पण म्हणून 'ब्राऊन आहे, कितीही खा' असे होत नाही. चपातीचा आकडा कमी आहे म्हणून चपात्याही कितीही खाता येत नाहीत. ३० ग्रॅम कणकेच्या एका चपातीत जवळपास २० ग्रॅम कर्बोदके असतातच.

आता आमच्या वैतरण्याच्या गृहस्थांचा हिशेब करू. त्यांच्या ब्रेडची स्लाइस २७-२८ ग्रॅमची, तिच्यात साधारण १३ ग्रॅम कर्बोदके. आठ स्लाइस म्हणजे १०४ ग्रॅम. त्यांनी सोडलेल्या दोन वाट्या भातात मिळून साधारण ८० ग्रॅम होती. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके घेतली तर त्याला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. त्यांचा जवळजवळ सगळा कोटा एकट्या ब्रेडनेच संपत होता. वर दूध, फळे, डाळ, चपाती वेगळीच.

दुकानात उभे राहून काय पाहायचे

१. पाकीट उलटे करा. घटकांच्या यादीत जो घटक सर्वांत जास्त, तो सर्वांत आधी लिहावा लागतो. पहिले नाव मैदा किंवा 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर' असेल, तर समोर मल्टीग्रेन लिहिलेले असो की ब्राऊन, तो मुख्यतः मैद्याचा ब्रेड आहे. गव्हाच्या पिठापुढे टक्केवारी दिली असेल तर तीही पाहा. यादीत कॅरॅमल रंग दिसला तर तपकिरीपणा कुठून आला ते समजा.

२. एका स्लाइसचे वजन काढा. पाकिटाचे वजन भागिले स्लाइसची संख्या. ४०० ग्रॅममध्ये १६ स्लाइस असतील तर एक २५ ग्रॅमची. 'सँडविच ब्रेड'ची स्लाइस याहून बरीच मोठी असू शकते.

३. तक्त्यात १०० ग्रॅममागे कर्बोदके किती ते पाहा आणि स्लाइसचा हिशेब करा. १०० ग्रॅममध्ये ५० असतील तर २५ ग्रॅमच्या स्लाइसमध्ये साडेबारा. डोक्यात होत नसेल तर मोबाइलवर करा, त्यात लाज कसली?

४. चोथा, म्हणजे फायबर, १०० ग्रॅममागे ६ ग्रॅम किंवा जास्त असेल तर चांगले. वरून घातलेली साखर जितकी कमी तितके बरे. रक्तदाब असेल तर सोडियमचा आकडाही पाहा. ब्रेड खारट लागत नसला तरी त्यात मीठ बरेच असते.

५. परदेशात मुलांकडे जाणाऱ्यांसाठी एक सूचना. अमेरिकेत कर्बोदकांच्या आकड्यात फायबर धरलेले असते, युरोपात ते वेगळे दाखवतात. म्हणून फायबर वजा करण्याचे गणित सगळीकडे सारखे लावू नका.

६. लादीपावावर लेबल नसते. एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर एक पाव ठेवून पाहा. ४५ ग्रॅम भरला तर त्यात २२-२५ ग्रॅम कर्बोदके आहेत असे समजा. टोस्ट, बटर, खारी यांत पाणी कमी असते, त्यामुळे वजनाच्या मानाने कर्बोदके ब्रेडपेक्षाही जास्त. 'हलके आहे' म्हणून चहाबरोबर पाच-सहा टोस्ट खाणारे पुष्कळ आहेत.

आणि सर्वांत चांगली परीक्षा तुमच्या घरीच होते. ग्लुकोमीटर असेल तर न्याहारीआधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी साखर तपासा. एक दिवस दोन स्लाइस व अंडी, दुसऱ्या दिवशी एक छोटी भाकरी व भाजी. वहीत लिहून ठेवा. तक्त्यातली सरासरी दुसऱ्यांची असते, वहीतले आकडे तुमचे.

हे वाचल्याशिवाय काही बदलू नका

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदके एकदम कमी केली तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांसमोर अंधारी. लोकलच्या दारात उभे असताना असे झाले तर काय होईल, याचा विचार करा. आधी डॉक्टरांशी बोला, डोस बदलावा लागतो.

डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी कीटो आहार मनाने सुरू करू नये. रक्तात आम्ल वाढून गंभीर अवस्था येऊ शकते, तीही साखर फारशी वाढलेली नसताना. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, टाइप वन मधुमेह असेल तर आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा. गव्हाची अ‍ॅलर्जी किंवा सीलिअ‍ॅक आजार असेल तर ग्लुटेनवाला कीटो ब्रेड अजिबात नको.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, ते सांगतो. मी तो जुना कागद त्यांच्याकडून मागून घेतला आणि नवा लिहून दिला : न्याहारीला एक स्लाइस, मागची बाजू वाचून घेतलेली, सोबत दोन अंडी आणि काकडी. संध्याकाळी ब्रेडऐवजी भाजलेले शेंगदाणे मूठभर किंवा ताक. दुपारी एक चपाती, भाजी, डाळ, मासळी असेल त्या दिवशी मासळी. औषधाचा डोसही तपासून घेतला. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.२ आले. भात त्यांनी रविवारी अर्धी वाटी पुन्हा सुरू केला आहे आणि तो मोजून खातात.

जुना कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. कोणी विचारले, "ब्राऊन ब्रेड चालेल का, डॉक्टर?" तर आता मी आधी विचारतो, "पाकीट आणलंय का बरोबर?" पुढच्या वेळी येताना तुम्हीही घेऊन या, आपण मिळून वाचू.